नऊ घरं, एकच छप्पर

मोखाडा तालुक्यातल्या आमच्या पाड्यावरच्या नऊ घरांना एका धर्मादाय संस्थेनं फसवलं. गरिबांची अर्धवट राहिलेली घरं देवाच्या नावानं पुरी करून देतो म्हणत ती आली, आमची जुनी छपरं उतरवून घेऊन गेली, आणि नवं छप्पर दिलं ते फोटोपुरतं. त्या नऊ घरांत एक घर माझं. बाकीची आठ घरं आधी गरीब गाईसारखी गप्प बसली. मला फसवलं, याचा राग मात्र माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी सुकी मासळी विकते. लग्न होऊन पाड्यावर आले तेव्हा करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन मोखाड्याला चालत जात होते. करवंदांवरून सुकटीवर आले ते कुणाच्या आशीर्वादानं नव्हे, तोंडाच्या जोरावर. आज मोखाडा, खोडाळा आणि जव्हार, तिन्ही बाजारांत माझी बसायची जागा ठरलेली आहे. डहाणूकडच्या कोळणी मला लांबून बघितलं की आधी पदर खोचतात, मग भाव सांगतात. नवरा शेती करतो, भात आणि नागली. तो फार बोलत नाही. आमच्या दोघांच्या वाटणीचं मीच बोलून टाकते असं त्याचं म्हणणं.

माझा खरा धंदा पावसाळ्यात. तेव्हा आमच्याकडं रस्ते वाहून जातात, भाजी मिळत नाही, आणि नागलीच्या भाकरीबरोबर खायला लोकांना सुकट, बोंबील, जवळा लागतो. म्हणजे उन्हाळ्यात माल भरायचा आणि पावसाळाभर तो कोरडा ठेवायचा. सुकटीला एकदा ओल लागली की ती मासळी राहत नाही, खत होते. म्हणून मला घर म्हणजे आधी छप्पर. भिंती काय, कुडाच्याही चालतात.

आमचं जुनं घर कौलांचं होतं. सागाचे वासे, सागाचे खांब, सासऱ्यांच्या वडलांच्या हातचे. त्याच्या शेजारी सरकारी घरकुल मंजूर झालं. पण ट्रॅक्टर पाड्यापर्यंत येत नाही. खालच्या वळणावर विटा टाकतो आणि जातो. तिथून सगळं डोक्यावरून वर आणायचं. वाहून आणण्यातच हप्ते संपतात आणि भिंती उभ्या राहून वर आभाळ राहतं. आमच्या पाड्यावर अशी नऊ घरं होती. त्यांत बकऱ्या आनंदात राहत होत्या.

होळीच्या आधी त्या संस्थेचा बुवा आला. अंगावर पांढरे कपडे, पिकअप गाडी, गाडीवर भोंगा आणि भोंग्यात भजन. गाडी वळणावर ठेवून तो चालत वर आला आणि घामाघूम झाला, त्यामुळे आधी सगळ्यांना त्याची दयाच आली. त्याला घेऊन आला होता माझा चुलत दीर. तो पाड्याचा कारभारी आहे, म्हणजे भांडणं मिटवतो, लग्नं ठरवतो, आणि कुणीही पांढऱ्या कपड्यातला दिसला की त्याच्यापुढं होतो.

मोहाच्या झाडाखाली सगळ्यांना बसवलं. बुवानं हात जोडून सांगितलं की त्यांच्या महाराजांना दृष्टांत झाला आहे: डोंगरातली लेकरं बिनछपराची झोपतात, त्यांना छप्पर द्या. संस्था प्रत्येक घरावर नवे पत्रे टाकून देणार, तेही फुकट. त्याबदल्यात दोनच गोष्टी. जुन्या घराची कौलं आणि वासे आश्रमाच्या गोशाळेला समर्पण करायचे, आणि घरातल्या एका माणसानं माळ घालून मांस-मासळी सोडायची.

मासळी म्हटल्यावर सगळा पाडा माझ्याकडं वळला.

"माउली," बुवा मला म्हणाला, "तुम्हाला जरा जड जाईल."

मला जन्मात कुणी माउली म्हटलं नव्हतं. बाजारात मला काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही.

"मी खात नाही, विकते," मी म्हणाले. माझा नवरा खोकला.

"विकणं हेही पापच, माउली."

"मग खाणाऱ्याचं पाप कुठं गेलं? दोघांनी अर्धं अर्धं घ्यायचं की कसं?"

बुवानं डोळे मिटले आणि उघडले. "बरं. बाजारात विका. घरात नको."

"घरात नको तर माल ठेवू कुठं, तुमच्या गोशाळेत?"

"बरं, घरात ठेवा. पण माळ घाला."

"घालते. बाजारात बसताना काढून ठेवीन."

"काढा," बुवा म्हणाला.

आता मी विक्रेती आहे. समोरचा एक पाऊल मागं गेला की मी दोन पुढं जाते, ती सवय आहे. मी पत्र्यांवर आले. पातळ पत्रा नको, पावसात ढोलासारखा वाजतो. बुवा म्हणाला, जाड देऊ. निळा नको, लाल पाहिजे. लाल देऊ. चुलीचा धूर जायला वर झरोका पाहिजे. देऊ. मग मी शेवटचं मागितलं: माझा माल ज्या बाजूला असतो त्या बाजूला पन्हळ पाहिजे, म्हणजे छपराचं पाणी भिंतीवर उडणार नाही. इथं मात्र बुवा थोडा थांबला. पन्हळीला खर्च येतो, म्हणाला, महाराजांना विचारावं लागेल.

मला वाटलं, आता मासा गळाला लागतोय. मी म्हणाले, "पन्हळ द्या, मी मधला खांबही देते."

मधला खांब कुणी मागितलेलाच नव्हता. आमच्याकडं लग्नात नवरा-नवरीच्या आधी त्या खांबाला हळद लागते. नवरा माझ्याकडं बघायला लागला. बुवा म्हणाला, "माउली, तुमच्यापुढं देव हरला." आणि मी घरी येताना हवेत चालत होते. माझ्या जावेला, म्हणजे त्या कारभाऱ्याच्या बायकोला, मी वाटेत सांगितलं, "मी त्या बुवाला लुटला गं." ती म्हणाली, "बाय, तू देवालाबी सोडला नाय." दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनीही पन्हळ मागून आपापले मधले खांब देऊ केले.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवी होती. डहाणूची कोळीण मला मूठभर जवळा जास्त देताना माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करते, कारण तिला तो खरंच द्यायचा असतो. ज्याला काही द्यायचंच नाही त्याला भाव कमी करायला कसला त्रास? बुवा प्रत्येक गोष्टीला "देऊ" म्हणत होता. असा व्यापारी मी साऱ्या तालुक्यात पाहिला नव्हता, आणि मला वाटलं याला धंदा कळत नाही.

पुढं जे झालं ते समजायला आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे. एखाद्याच्या घरावर छप्पर चढायचं असलं की अख्खा पाडा जातो. मजुरी नाही, बोलावणं नाही. भांडण असलेला माणूसही येतो. छप्पर चढवून खाली उतरतो आणि पुन्हा भांडण सुरू करतो. घरवाल्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, एवढंच. माल कुणाचा, कुठून आणला, हे कुणी विचारत नाही. ते विचारणं म्हणजे घरवाल्याची लाज काढणं.

तर बुवाच्या पिकअपमधून पत्रे आले. निळे. मी लगेच म्हटलं, "लाल ठरलं होतं."

"हे मुहूर्ताचे पत्रे, माउली," बुवा म्हणाला. "महाराजांनी यांवर हात फिरवलाय. हे आधी प्रत्येक घराला लागले पाहिजेत, पालखीसारखे. एकदा सगळी घरं पावन झाली की तुमचे लाल, जाड, पन्हळीसकट पक्के पत्रे येणार."

आणि पालखीसारखेच ते फिरले. आम्ही सगळ्यांनी मिळून वळणावरून पत्रे डोक्यावर वर आणले, पहिल्या घरावर चढवले. घरवाल्यांना नवे कपडे घालून दारात उभं केलं. हातात महाराजांचा हसरा फोटो. बुवाबरोबर आलेल्या माणसानं फोटो काढले, व्हिडिओ काढला. मग आम्हीच पत्रे उतरवले आणि दुसऱ्या घराकडं निघालो.

"बोल्ट चारच लावताय," मी खालून ओरडले.

"मुहूर्ताचं छप्पर घट्ट आवळत नाहीत, माउली. लक्ष्मी आत कोंडते."

यावर वर चढलेल्या माणसांनी माना हलवल्या. त्यांना चारच बोल्ट लावायचे होते, त्यामुळे ते शास्त्र त्यांना लगेच पटलं.

प्रत्येक घरी जेवण. पण बुवाच्या अटीमुळं मटण नाही, सुकट नाही, दारूचं तर नावच नको. वरण-भात आणि वालाची भाजी. दुसऱ्या घराला माणसं कुरकुरायला लागली. चौथ्या घराला माझा एक पुतण्या मला म्हणाला, "काकी, सुकटीबिगर चढवलेला छप्पर टिकंल का गं?" मी त्याला गप्प केलं, कारण माझं घर अजून यायचं होतं.

माझा नवरा तेवढा एकदा बोलला. पाचव्या घरावरून पत्रे उतरवताना म्हणाला, "बोहाड्यात मुखवटे बदलून एक माणूस नऊ सोंगं नाचवतो. इथं एक सोंग नऊ घरं नाचवतायत."

"तुला काय कळतंय त्यातलं," मी म्हटलं. हे माझं नेहमीचं उत्तर आहे. नेहमी ते बरोबर असतं.

माझ्या घरावर पत्रे चढले तेव्हा मी जरीकाठी लुगडं नेसले होते. गळ्यात माळ. फोटोवाला म्हणाला, मावशी, हसा. मी हसत नाही, मला सवय नाही. तो म्हणाला, समजा एखाद्याला फसवलंत तर कशा हसाल? तेव्हा मी हसले. तो फोटो इतका चांगला आला की पुढं संस्थेनं तोच मोबाईलवर सगळीकडं फिरवला. साखरशेतला माझी बहीण असते. तिनं फोन करून सांगितलं, "अगं, तू मोबाईलमधी दिसतंय. खाली लिवलंय, आता हिच्या डोळ्यांत पाणी नाही, पैसे इथं पाठवा."

नववं घर झाल्यावर पत्रे पिकअपमध्ये गेले. त्यांच्या आधी दोन ट्रक भरून आमची कौलं, वासे आणि नऊ मधले खांब गेले होते. तेही आम्हीच वळणापर्यंत वाहून दिले होते. जड होते. बुवा वाटेत उभा राहून सगळ्यांना पाणी देत होता.

पक्के पत्रे आठवड्यात येणार होते. आठवडा गेला. बुवाचा फोन आधी उचलला जात नव्हता, मग लागेनासा झाला. कारभारी म्हणायचा, "महाराज दौऱ्यावर असतील." मी जव्हारला गेले. संस्थेच्या कचेरीच्या जागी मोबाईलची कव्हरं विकणारा बसला होता. त्याला विचारलं, इथले बुवा कुठं? तो म्हणाला, "मावशी, त्यांनी माझ्याकडनं दोन चार्जर नेलेत. भेटले तर मलाही सांगा."

मग पंचायतीत गेले. तिथल्या साहेबांनी माझं ऐकलं, मोबाईल काढला आणि मला माझाच फोटो दाखवला.

"हे घर तुमचंच ना?"

"माझंच."

"वर छप्पर आहे."

"फोटोत आहे, साहेब."

"आणि तुम्ही हसताय."

मी तिथून उठले. तक्रार घेऊन पोलिसांकडं गेले तर ते म्हणाले, जुना माल तुम्ही तुमच्या हातानं दान दिला, गाडीपर्यंत पोचवला, त्याचाही व्हिडिओ आहे, त्यात कुणी जबरदस्ती करताना दिसत नाही, उलट कुणीतरी पाणी देतंय.

तोवर माझा माल आला होता. कोळणींना सांगितलेलं मागं घेता येत नाही. सुकट, जवळा आणि बोंबलाच्या गोणी बिनछपराच्या घरात, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. वारा आला की आम्ही दोघं दोन टोकं धरून उभे राहायचो. वळवाची एक सर आली आणि कडेच्या दोन गोणींना बुरशी धरली. पावसाळा पुढ्यात होता. तो लागला की सगळा माल जाणार, आणि मी पुन्हा करवंदांच्या पाटीवर येणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून मिळेल तिथं आधीच विकून टाकावं म्हणून निघाले. जव्हारजवळ रस्त्याला लागून एक नवं रिसॉर्ट झालंय. मुंबईची माणसं येतात, नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी मागतात, आणि ताटाचा फोटो काढून मग जेवतात. तिथल्या आचाऱ्याला जवळा दाखवायला मी मागच्या दारानं गेले. आचारी म्हणाला, मॅनेजरला विचारा, ते जेवणघरात आहेत.

जेवणघरात गेले आणि वर बघितलं. काळी, धुरकट कौलं. सागाचे वासे. आणि मधोमध माझा खांब. उजव्या बाजूला खिळा होता, त्याला मी माझा तराजू अडकवत होते. खालच्या अंगाला हळदीचा पिवळा डाग, त्यात माझ्या लग्नाची हळद आहे. त्याच्यावर कुणीतरी पांढऱ्या रंगानं नाचणारी माणसं काढली होती. मी खिळ्याला हात लावला.

"मावशी, हात लावू नका," मॅनेजर मागून म्हणाला. "अँटिक आहे."

"काय आहे?"

"शंभर वर्षं जुन्या आदिवासी घराचा खांब. ओरिजिनल. तसलं घर आता कुठं बघायला मिळत नाही."

"कसं मिळंल," मी म्हणाले, "तू इथं आणून उभं केलंय."

तरणा माणूस होता, वाईट नव्हता. त्यानं मला पाणी दिलं. मग त्यानं सांगितलं की मालक मुंबईला असतात, माल एका धार्मिक संस्थेकडून रीतसर विकत घेतलाय. मी विचारलं, गोशाळा कुठाय? तो म्हणाला, कुठली गोशाळा?

दुसऱ्या दिवसापासून मी रिसॉर्टच्या फाटकासमोर रस्त्याच्या कडेला दुकान मांडलं. बुरशी धरलेल्या दोन गोणी पुढं आणि चांगला माल मागं. तिसऱ्या दिवशी पाड्यावरच्या बायका आल्या, माझी जाऊ सगळ्यांत पुढं. नवरा कारभारी, पण ही तिकडं बसून सगळ्यांना सांगते, "आमच्या घरच्यानंच आणला तो बुवा. मी त्याला आता भाकरी देते, पण भाजी देत नाय."

मुंबईच्या गाड्या यायच्या, काच खाली व्हायची आणि लगेच वर जायची. मॅनेजर बाहेर आला.

"मावशी, गेस्ट तक्रार करतायत. वास येतो."

"मग मी काय अत्तर विकू?"

"तुमचा सगळा माल आम्ही रोज घेतो. चालेल?"

"माझं दुकान चाललंय. छपराचं बोल."

तो आत गेला, फोन केला, परत आला. मालक म्हणाले, तुम्हाला इथं कामाला ठेवतो, भाकऱ्या करायला, पाहुण्यांना आवडेल. मी म्हटलं, माझ्याच छपराखाली मला नोकरी देतोस? तो पुन्हा आत गेला. या वेळी बराच वेळ लागला. बाहेर आला तो हळू आवाजात बोलायला लागला.

"फक्त तुमच्या घराला नवे पत्रे देतो म्हणतायत. लाल, जाड. पण बाकीच्यांना सांगायचं नाही, आणि उद्यापासून इथं बसायचं नाही."

"पन्हळ?"

माझ्या तोंडातून आपोआप निघालं. सवय.

"पन्हळसुद्धा," तो म्हणाला.

मी गोणींकडं बघितलं. आभाळ भरून येत होतं. जावेनं तोंड दुसरीकडं केलं, पण कान माझ्याकडंच होता. खरं सांगते, मी हिशेब केला. पत्रे घेतले तर माल वाचेल. पण ते पत्रे वळणावर उतरणार. तिथून वर कोण आणणार? घरावर कोण चढवणार? पत्रे आपल्या पायांनी चढत नाहीत. आठ घरांची माणसं ताडपत्रीखाली बसवून त्यांनाच मी माझं छप्पर चढवायला बोलवायचं? आमच्याकडं बोलावणं लागत नाही म्हणा. ती न बोलावताच आली असती, चढवलं असतं आणि वालाची भाजी खाऊन गेली असती. तेच मला सहन झालं नसतं. एवढा वाईट सौदा मी अजून केलेला नाही.

"नऊ घरं," मी म्हणाले. "नऊच्या खाली बोलणं नाही."

"मावशी, ते नाही होणार."

जाऊ बसल्या जागेवरून म्हणाली, "मग जाऊन सांग तुझ्या मालकाला, ही बाय कमी करत नाय. हिच्याकडं एकच भाव असतो, आणि तो रोज वाढतो."

तेव्हापासून आम्ही रोज बसतो. आज एकीचा घरी राहायचा दिवस असतो, उद्या दुसरीचा. सकाळी ताडपत्री घट्ट करायची आणि मग इकडं यायचं. मॅनेजर आता आम्हाला चहा पाठवतो. बुवाचा पत्ता नाही. महाराज हसतात ते फक्त फोटोत. कारभारी म्हणतो, माझा यात काय दोष, मी चांगल्यासाठी केलं. त्याला विचारायचं ते त्याची बायको विचारते आहे, त्यात मी पडत नाही.

मला विचारायचंय ते त्या मालकाला. बुवा चोर होता, त्याला कोण शोधत बसेल. पण मालक चोर नाही, मोठा माणूस आहे, त्याच्याकडं पावत्या आहेत. मग त्यानं मॅनेजरच्या आडून फोनवर बोलू नये. मुंबईहून यावं आणि रस्त्याच्या कडेला, आमच्या गोणींसमोर उभं राहून मला याचं उत्तर द्यावं: नऊ घरांची कौलं, त्यांच्यावरची काजळीसुद्धा ताजी असताना, दोन ट्रक भरून तुझ्या दारात उतरली, तेव्हा त्यांच्याखाली राहणारी माणसं कुठं गेली असतील, असं तू विचारलंस का? विचारलं असशील तर तुला काय उत्तर मिळालं? आणि विचारलं नसशील तर का नाही विचारलं?